तारण हातातून निसटतं का?

प्रभूमध्ये प्रिय,

तुझं पत्र मिळालं. प्रभुभोजनाचं तबक तुझ्यापर्यंत आलं आणि तू भाकर न घेताच ते शेजारणीकडे सरकवलंस, हे वाचून जीव कळवळला. पुन्हा त्याच पापात पडले, आता तारण, म्हणजे ख्रिस्ताने पापातून केलेली सुटका, उरलंय की गेलं, असं तू विचारतेस. उत्तर लांबवत नाही. तू पडलीस म्हणून ख्रिस्ताने तुला सोडलेलं नाही.

या प्रश्नावर मंडळीत जुना मतभेद आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने माणूस कृपा गमावतो आणि पश्चात्ताप व पापकबुलीच्या संस्काराने ती परत मिळते, असं कॅथलिक शिक्षण सांगतं. १५४७ साली त्रेंतच्या परिषदेने ते ठामपणे मांडलं. लूथरच्या अनुयायांचा १५३० चा विश्वासाचा जाहीर लेख, ऑग्सबर्ग कबुलीजबाब, तोही म्हणतो की नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकतो. वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्ट, परंपरेतही विश्वासातून मागे फिरणं शक्य मानतात. उलट १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टला जमलेल्या सुधारित (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांच्या सभेने शिकवलं की देव ज्यांना खरोखर नवा जन्म देतो त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. माझं मन या शेवटच्या बाजूचं आहे, कारण योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू मेंढरांबद्दल म्हणतो की त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. पकड त्याची आहे, आपली नाही. आणि एक गोष्ट लक्षात घे, पश्चात्ताप करून परत येणाऱ्याला यांपैकी कुणीच दार लावत नाही.

दार लावणारे झाले नाहीत असं नाही. सम्राट डेसियसच्या छळात जीव वाचवायला पुष्कळांनी रोमी देवांना बळी वाहिले. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले, तेव्हा रोममधल्या नोवातियान नावाच्या धर्मगुरूने त्यांना मंडळीत घ्यायला नकार दिला. २५१ सालची ही गोष्ट. कार्थेजचा बिशप सिप्रियान आणि इतर बिशपांनी ते मानलं नाही. पश्चात्तापाची कसोटी लावून त्यांनी पडलेल्यांना परत घेण्याची वाट ठेवली. प्रभूला नाकारणाऱ्यांसाठीसुद्धा वाट होती, मग तुझ्यासाठी नसेल?

इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायाने तुझी झोप उडवली आहे, हे ओळखते. एकदा प्रकाश मिळालेले पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे म्हटलं आहे. तो इशारा खरा आहे, त्याची धार मी बोथट करणार नाही. पण तो कुणाला लिहिला आहे ते बघ. छळाला कंटाळून, सगळं जाणून, ख्रिस्ताकडे पाठ फिरवायला निघालेल्यांना तो अडवतो आहे. पापाशी झगडताना पुन्हा घसरणारी, आणि घसरल्यावर त्याच्याचकडे बघून रडणारी मुलगी त्या ओळींत नाही. शिवाय त्याच अध्यायात, थोडं पुढे, लेखक म्हणतो की तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची आमची खातरी आहे. भीतीने पान मिटतं आणि तिथवर कुणी पोचत नाही.

पेत्राकडे जरा थांब. लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्राने मी येशूला ओळखत नाही असं म्हणून त्याला नाकारलं, त्याच्या आधीचं हे आहे! पेत्र पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झाली होती, आणि तू वळशील तेव्हा काय करायचं तेही सांगून झालं होतं. मग थंडीची रात्र, अंगणात कोळशाचा विस्तव, त्याभोवती शेकणारे चाकर, आणि तीनदा नकार. योहान पुढे एकविसाव्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव दाखवतो: समुद्रकिनारा, निखाऱ्यांवर मासळी, भाकर, आणि प्रभू स्वतः म्हणतो, या, न्याहारी करा. हिशेब मागण्याआधी जेवू घालतो. प्रश्न नंतर विचारतो, तेही तीनदा, आणि दुखतील असे. पेत्र खिन्न झाला असं योहान लिहितो. क्षमा म्हणजे घडलं ते नजरेआड करणं नव्हे.

म्हणून दुसरी बाजूही ऐक. एकदा तारण झालं, आता कसंही वागा, असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. पाप फुकट जात नाही. व्यभिचार आणि खून केलेल्या दावीद राजाला क्षमा मिळाली, पण त्याच्या घराची तलवारीपासून सुटका झाली नाही. स्तोत्र ५१ मध्ये तो तारणाचा आनंद परत मागतो, पवित्र आत्मा काढून घेऊ नकोस म्हणून काकुळतीला येतो. डॉर्टच्या लोकांनीही कबूल केलं की विश्वासणारे भयंकर पापात पडू शकतात, आत्म्याला दुःख देतात, आणि काही काळ कृपेची जाणीवच हरवून बसतात. तुझं आत्ता तेच झालं आहे असं मला वाटतं. हरवली ती जाणीव. ज्याला पापाचं काहीच वाटेनासं झालं आहे त्याला मी वेगळं पत्र लिहिलं असतं, आणि त्यात इशाऱ्याची वचनं आधी घातली असती.

आता काय करायचं ते सांगते. पाप पदरी घे, नाव घेऊन, मोघम नको. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय संपवून लगेच दुसरा सुरू कर, कारण आपला कैवारी येशू पित्याजवळ आहे हे तिथे लिहिलं आहे. मग मंडळीतल्या एखाद्या पोक्त, तोंड बंद ठेवणाऱ्या बहिणीला ते सांग. याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं आहे, आणि एकटीने झुंजताना तू दमली आहेस. ज्या वाटेने ते पाप येतं ती वाट बंद करायला तिची मदत घे. फक्त रडून ती वाट बंद होत नाही.

आणि तबक पुढे सरकवू नकोस. अयोग्य रीतीने खाण्याबद्दल पौलाने करिंथकरांना झापलं ते खरं, पण तिथे श्रीमंत आधीच जेवून, पिऊन बसत होते आणि गरीब उपाशी राहत होते. त्यांनाही त्याने आपली परीक्षा करून मग भाकर खावी असंच सांगितलं, लांब राहावं असं नाही. येत्या प्रभुभोजनाला जा. त्याआधी त्या बहिणीशी बोलणं झालं का, एवढं मला कळव.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी