खळ्यातला पडदा

प्रश्न : मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आले की आम्ही मालवणच्या घरी, खळ्यात, प्रोजेक्टरवर चित्रपट लावतो, पण चादर वाऱ्याने फुगते आणि चित्र फिके दिसते. काय करावे?

उत्तर : दोन माडांमध्ये नुसती बांधलेली चादर शिडासारखी फुगणारच, त्यापेक्षा चुना लावलेली सपाट भिंत उत्तम, आणि ती नसल्यास चादरीच्या वरच्या व खालच्या कडेत बांबू ओवून चारही टोके ताणून बांधावीत. (प्रेक्षकांना मात्र माडाखाली बसवू नये, नारळ मध्यंतराची वाट पाहत नाही.) मे महिन्यात सूर्य ७ च्या सुमारास मावळतो, म्हणून साडेसातनंतर पडवीतला दिवा मालवूनच खेळ सुरू करावा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर ८ फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर १२ फुटांवर ठेवावा. चित्र याहून मोठे केल्यास तोच प्रकाश अधिक जागेत पसरून मंद होतो.