भाड्यातून हप्ता फिटेल का? रावेतच्या वन बीएचकेचा पूर्ण हिशोब

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, खाजगी नोकरी, गावची जमीन विकून आणि साठवून हातात ३५ लाख आहेत. पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला ४५ लाखांचा तयार वन बीएचके पाहिलाय. १५ लाखांचं कर्ज काढायचं. एजंट म्हणतो, १७ हजार भाडं सहज येईल, हप्ता त्यातूनच फिटेल आणि वर चार पैसे उरतील. घ्यावा का?

दरमहा पैसे हातात यावेत एवढाच हेतू असेल तर हा व्यवहार करू नका. मी भाड्याच्या घरांच्या विरोधात नाही. माझी स्वतःची दोन छोटी घरं चिंचवडमध्ये कित्येक वर्षं भाड्यानं आहेत आणि त्यांनी मला चांगली साथ दिली आहे. पण एजंटानं तुम्हाला भाडं सांगितलंय, उरणारी रक्कम सांगितलेली नाही. ती आपण मांडू.

आधी घर खरंच कितीला पडतं ते बघा. आपल्याकडे मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरला एक टक्का धरा. नवीन भाडेकरूला पंखे, गिझर, किचन ट्रॉली, जाळीचे दरवाजे लागतात, त्याला दीड लाख. झाले पन्नास लाखांच्या वर. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या. मात्र पैसे तुमचे असतील तर भाड्याचं उत्पन्न आयकरात तुमच्याच खात्यात धरलं जातं, हे लक्षात असू द्या.

आता भाडं. १७ हजार गुणिले बारा असं कधीच धरू नका. एक भाडेकरू जातो, रंग होतो, दुसरा येतो, यात महिना जातोच. म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख ८७ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, २ हजारांनी धरला तरी वर्षाला २४ हजार. भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. कुणी दरमहा हजार-दोन हजार मागितले तर हा निर्णय दाखवा. इथं २,४०० धरू. घरपट्टी ८ हजार. दर दोन वर्षांनी ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला साडेआठ हजार. रंग, नळ, गळती, मोटार यांचे १२ हजार. खर्च झाला जवळपास ५५ हजार. उरले १ लाख ३२ हजार, महिन्याला ११ हजार. पन्नास लाखांवर हा परतावा अडीच टक्क्यांच्या थोडा वर आहे.

आणि १५ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी १३ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे स्वतःचे ३५ लाख घालूनही दरमहा दोन हजार तुम्हाला पगारातूनच भरायचे आहेत. तुम्ही ५२ चे आहात, वीस वर्षांचा हप्ता ७२ पर्यंत जाईल. बँक बहुधा निवृत्तीचं वय बघून मुदत कमी करेल. मग हप्ता आणखी वाढेल.

शेजारी एक आकडा ठेवा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाखांची मर्यादा आहे. ७.४ टक्क्यांनी त्यावर महिन्याला ९,२५० रुपये येतात. रात्री अकराला गिझर बंद पडल्याचा फोन येत नाही, रंग लावावा लागत नाही. अर्थात ते ९,२५० पाच वर्षं तेवढेच राहतात. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं आणि घराची किंमतही वाढू शकते. घराचा खरा फायदा तिथं आहे आणि तो मोठा आहे, पण तो पंधरा वर्षांनी दिसणारा फायदा आहे. तुम्ही विचारलंय ते दरमहाचं.

एजंट लोक करसवलतीचंही सांगतील. ती आहे, खोटी नाही. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्यासाठी बिलं दाखवावी लागत नाहीत. शिवाय कर्जाचं व्याज वजा होतं. तुमच्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याजच सव्वा लाखाच्या घरात असेल, म्हणजे भाड्यावर कर जवळपास शून्य. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त झालेलं व्याज, पगारातून वजा करता येत नाही. कर वाचला म्हणून खिशातून जाणारे दोन हजार थांबत नाहीत.

मग करायचं काय? कर्ज टाळा आणि घर लहान करा. भोसरी, चिंचवड, आकुर्डी या जुन्या पट्ट्यात, कंपन्या आणि बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या सोसायटीत ३० लाखांपर्यंतचा वन बीएचके शोधा. वरचेच सगळे खर्च धरले तर ३४ लाखांच्या थोडं वर जाईल. लिफ्ट नाही, जिम नाही, त्यामुळे मेंटेनन्स हजाराच्या आसपास. १२,५०० भाडं धरून वर दाखवला तसाच हिशोब केला तर महिन्याला आठ हजारांच्या थोडे वर उरतात. टक्केवारीत फार मोठी उडी नाही, पण डोक्यावर बँक नाही आणि हाताशी पाऊण लाख शिल्लक राहतात. या भागात घर क्वचितच रिकामं राहतं, कारण शिफ्टला जाणाऱ्या माणसाला दुचाकीवर अर्धा तास वाचवणं क्लबहाऊसपेक्षा महत्त्वाचं असतं.

नव्या टॉवरांबद्दल आणखी एक गोष्ट. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे. रावेत, पुनावळे, ताथवडे या बाजूच्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. मेंटेनन्सचा आकडा विचारताना टँकरचा खर्च त्यातच आहे की उन्हाळ्यात वेगळा काढतात, हे सोसायटीच्या ऑफिसात बसून विचारा. एप्रिल-मेमध्ये पाण्यापायी भाडेकरू सोडून जातात. तुमचा रिकामा महिना नेमका तिथं येतो.

घर बघायला जाल तेव्हा मालकाकडून महावितरणचं बिल मागून घ्या. त्यावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. वर्षातले चार महिने वापर दहा-पंधरा युनिटच दिसला तर घर रिकामं होतं, मालक काहीही सांगो. भाडं किती मिळतं हे संकेतस्थळावरच्या जाहिरातीवरून ठरवू नका, तो मागितलेला आकडा असतो. त्याच इमारतीतल्या दोन भाडेकरूंना विचारा, आणि गेटवरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. कोणत्या मजल्यावर कोण टिकतं आणि कोण वर्षाच्या आत जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. कपाटामागच्या भिंतीला तळहाताची मागची बाजू लावा. रंग नवा असला तरी ओल हाताला कळते.

कागद: इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी. जुन्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, तेही विचारा. यात घाई नको.

चाकणकडे गुंठ्यात बांधलेल्या दहा खोल्यांची चाळ घ्या, चाळीस हजार भाडं येतं, असंही तुम्हाला कुणी सुचवलंय. आकडा खरा असू शकतो. पण सातबाऱ्यावर सामाईक नाव, बांधकामाला परवानगी नाही, बँक दारात उभी करत नाही, आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय तिथं रोज कुणीतरी हजर लागतं, पाण्यासाठी, लाइटसाठी, भांडणासाठी. ज्यांची वडिलोपार्जित जागा तिथंच आहे आणि घरही तिथंच आहे, त्यांना हा धंदा जमतो. नोकरी सांभाळून लांबून जमणार नाही. दुकानाच्या गाळ्याचं तर नावच सोडा, एकदा रिकामा झाला की वर्षभर शटर बंद राहू शकतं.

घर घेतलंत तर करार नोंदवूनच भाड्यानं द्या. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च किरकोळ आहे: मुद्रांक पाव टक्का, म्हणजे अकरा महिन्यांसाठी १७ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट धरून पाचशेच्या आत-बाहेर, आणि शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्यानं घरी बसून होतो. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या. मी करार दोन-तीन वर्षांचा करतो, दरवर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहितो.

आणि चांगल्या भाडेकरूला जपा. हे मी कळकळीनं सांगतोय. हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून चांगल्या कुटुंबाला घालवलं आणि १७ हजारांचं घर एकच महिना रिकामं राहिलं, तर तो एक महिना भरून निघायला सतरा महिने लागतात. ब्रोकरेज आणि रंग वेगळाच. नळ गळतोय असा फोन आला की त्याच दिवशी प्लंबर पाठवा. डिपॉझिट परत करताना खिळ्याच्या भोकांचे पैसे कापू नका. जाणारा माणूस ओळखीतला दुसरा भाडेकरू देऊन जातो, ब्रोकरशिवाय.

रावेतच्या घराचा मोह सुटत नसेल तर एजंटाला टोकन देण्याआधी तीन गोष्टी मागा: मागच्या वर्षभराची वीजबिलं, सोसायटीचं शेवटचं मेंटेनन्स बिल, आणि सध्याचा नोंदणीकृत भाडेकरार. आकडे हातात आले की सांगा, वरचाच हिशोब खऱ्या आकड्यांनी मांडून देतो.