निघोजचे रांजणखळगे टिपताना

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला, नदीच्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खळगे बघायला पहिल्यांदाच निघालात तर डिसेंबर-जानेवारी गाठा. पावसाळ्यात कुकडी नदी दुथडी भरली की बरेचसे खळगे पाण्याखाली जातात, आणि एप्रिलात दुपारी कातळावर पाय ठरत नाही. ऊन तिरपं असतानाच पोहोचा. सावलीशिवाय खळग्यांची खोली फोटोत उतरत नाही.

चौकटभर काळा बसाल्ट असला की कॅमेरा त्याला उगाच उजळून राखाडी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा. ओल्या दगडावरची चमक पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या फिरत्या फिल्टरने जाते; रिंग सावकाश फिरवत बघा. पाणी रेशमी हवं असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद. नदीवरच्या पुलावर मात्र हे जमणार नाही, माणूस चालला की थरथर येते. तिथे शटर १/५०० सेकंद.

कोरड्या खळग्याच्या तळाशी डोकावा. गोल गुळगुळीत गोटे दिसतील. भोवऱ्यात गरगरत कातळ कोरणारे तेच, त्यांचा एक जवळचा फोटो हवाच.

शेवाळलेल्या कडेवर पाय देऊ नका, पाणी भरलेल्या खळग्यात तर उतरूच नका. आतून भिंती घोटीव असतात, पकड मिळत नाही. वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का, हे गावात विचारूनच खाली जा.