मुलगी म्हणते, मला लोकांची वकिली करायचीय

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. नाव छापू नका म्हणालात, तर बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ नाशिक जिल्ह्यातले, एसटीत वाहक आहेत. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यासाठी बँकेचं कर्ज काढलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एका संघटनेबरोबर महिनाभर जव्हारकडच्या पाड्यांवर राहिली आणि घरी येऊन म्हणाली की मला कोर्टात प्रॅक्टिस करायचीच नाही, मला लोकांमध्ये राहून काम करायचंय, ह्याला अल्टरनेटिव्ह लॉयरिंग म्हणतात. भाऊंची इच्छा अशी की तिने जेएमएफसी, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा, द्यावी आणि जज व्हावं. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "समाजसेवाच करायची होती तर पाच वर्षं कायदा कशाला शिकली?"

भाऊ, तुमचा राग मला कळतो, पण ती जे बघून आलीय ते समाजसेवा नाहीये, ती वकिलीच आहे आणि बरीच अवघड वकिली आहे. मी एकदा पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर अशा कामाला बसलो होतो. वनहक्काचे दावे, म्हणजे जंगलातल्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळावा म्हणून करायचे अर्ज, भरणं चालू होतं. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात वैयक्तिक दाव्यासाठी मुख्य अट ही की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात पाहिजे. आता कुणाकडे सातबारा असणार? एक वारली आजी आल्या, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घालून घालून फाटायला आलेल्या तीन पावत्या. जंगलात नागली लावली म्हणून वनखात्याने वेळोवेळी सासऱ्याला आणि नवऱ्याला दंड केला होता त्याच्या पावत्या. आजींना वाटत होतं ह्या दाखवल्या तर आपण गुन्हेगार ठरू, म्हणून त्या आधी दाखवतच नव्हत्या, शेवटी तिथल्या वकील पोरीने हात धरून सांगितलं की आजी हाच तर तुमचा पुरावा, त्या तारखेला तुम्ही ह्या जमिनीवर होतात हे खुद्द सरकारनेच लिहून दिलंय.

मग तिने आजींच्या दिराचा जबाब लिहायला घेतला. आंबा कधी लावला? सालबिल त्यांना सांगता येईना. ते म्हणाले, मोठा दुष्काळ पडला ना, त्याच्या पुढच्या पावसात. म्हणजे १९७३. बांध कुणी घातला, पहिलं घर कुठे होतं, वर कुणाची जमीन, खाली कुणाची, असं करत दीड तास गेला तेव्हा कुठे पान भरलं, मग त्यांना ते त्यांच्या बोलीत वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. वयस्कर माणसांचा लिहून घेतलेला जबाब, जुने बांध, घर, झाडं, हे सगळं ह्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरलेलं आहे. पण हे गावात कुणाला माहीत नसतं, आणि नुसता अर्ज खरडून दिला की तो फेटाळला जातो, आणि फेटाळल्यावर ६० दिवसांत अपील करायचं असतं हेही कुणी सांगत नाही. तिथे त्या पोरीने अजून एक काम केलं जे मला फार महत्त्वाचं वाटलं. गावातल्या दोन शिकलेल्या मुलांना शेजारी बसवून तिने पुढचे जबाब त्यांनाच लिहायला लावले. ती निघून गेल्यावर काम थांबायला नको म्हणून. ह्याला कायदेविषयक सक्षमीकरण वगैरे मोठी नावं आहेत, मूळ गोष्ट एवढीच की माणसाला आपला हक्क स्वतः मागता आला पाहिजे.

आता तिच्यासाठी. बेटा, हा भाग तू वाच, बाबांनी वाचून दाखवला तरी चालेल.

कोर्टात जायचंच नाही हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. तू जे पाड्यावर लिहून घेशील त्याची खरी परीक्षा कोर्टात होते. चांगला जबाब कसा लिहायचा हे ज्याने चार उलटतपासण्यांत साक्षीदार कोसळताना पाहिलाय त्यालाच कळतं. महाडचं बघ. १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विरोधकांनी दिवाणी दावा ठोकला आणि तो लढत लढत हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला हे कमी लोक सांगतात. रस्त्यावर पण आणि कोर्टात पण, दहा वर्षं. दोन्ही करणारा माणूस एकच होता.

आणि जेलमधली माणसं? नव्या बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याने, जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर नाही). बाकीच्यांना अर्धा काळ. पण तो हिशोब करून अर्ज टाकणारं कुणीतरी लागतं ना, आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच बसून राहतो तेव्हा गावाकडे त्याच्या घरच्यांना शोधणारंही. हे सगळं कोर्टाच्या आवारातलं काम आहे, आणि तेही तू म्हणतेस त्याच वकिलीत येतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पास झालीस की सनद (वकिलीचा परवाना) घे, बार कौन्सिलची वकिलीसाठीची परीक्षा दे आणि तीन वर्षं तालुका किंवा जिल्हा कोर्टात अशा सीनिअरकडे काढ ज्याच्याकडे फौजदारी आणि जमिनीच्या केसेस भरपूर आहेत. शनिवार-रविवार पाड्यावर जा, कोण अडवतंय. सनदेसाठी हजारो रुपये लागतात असं कुणी सांगितलं असेल तर सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी फी एससी-एसटीला १२५ आणि बाकीच्यांना ७५० रुपयांवर बांधून दिलीय, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

आणि भाऊ, इथे तुमचंही म्हणणं बसतं. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. म्हणजे आज ती हो म्हणाली तरी लगेच जेएमएफसीला बसता येणार नाहीये, ही तीन वर्षं दोन्ही वाटांना लागतातच, तर आत्ता घरात त्यावरून भांडण कशाला? तीन वर्षांनी ती काय ठरवते ते तेव्हा बघू. जज झाली तरी ज्या मुलीने अशा पावत्या हातात धरल्यात ती जज वेगळीच असेल.

पैशाचं मात्र खरं खरं बोलतो, ह्यात गोड बोलून तुमचं नुकसान करायचं नाही. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांची देशपातळीवरची संस्था) २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार महिना द्यावा असं सुचवलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, तालुक्याला बरेच सीनिअर ह्याच्या निम्मेही देत नाहीत. कर्जाचे हप्ते बहुतेक बँकांत कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, ती तारीख आत्ताच बँकेत जाऊन लिहून घ्या आणि त्या वर्षात ती घरी राहून नाशिकच्या कोर्टात जाऊ शकते का ह्याचा विचार करा, पुण्याचं भाडं वाचेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) फौजदारी केसेससाठी लीगल एड डिफेन्स कौन्सिल ही पद्धत आलीय, त्यात असिस्टंटच्या जागेला नवे वकीलही अर्ज करू शकतात, कंत्राटी आहे पण दरमहा मानधन मिळतं आणि शिकायला इतक्या केसेस दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. पुढे मुंबईत बायकांच्या केसेस लढणारी मजलिस आहे, कैद्यांबरोबर काम करणारा टाटा इन्स्टिट्यूटचा प्रयास आहे, ह्युमन राइट्स लॉ नेटवर्क आहे. कुठल्याही संस्थेत जाताना एक गोष्ट आधी विचारायची, पूर्णवेळ पगारी नोकरी आहे की फीवर काम? कारण पूर्णवेळ पगार घेणाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमाने प्रॅक्टिस चालू ठेवता येत नाही, सनद स्थगित करून ठेवावी लागते. बरीच पोरं हे न विचारता अपॉइंटमेंट लेटरवर सही करतात आणि मग वकीलपत्र टाकायची वेळ आली की अडकतात.

तुम्ही अजून एक विचारलंय, मुलगी एकटी असल्या भागात कशी राहणार. ह्याचं उत्तर मी पत्रातून देऊ शकत नाही. जव्हारची गाडी तुम्हाला माहीतच आहे, एक साप्ताहिक सुट्टी काढा आणि तिच्याबरोबर जाऊन या. ती जिथे राहिली त्या घरी जेवा, त्या संघटनेच्या लोकांशी बोला, त्यांचे दावे कुठपर्यंत गेलेत ते विचारा, त्यांच्याकडे किती वकील टिकलेत आणि किती सोडून गेले हेही विचारा, संकोच करू नका. आल्यावर मला लिहा. सीनिअर शोधायच्या वेळी आपण तिघं मिळून बसू, नाशिक कोर्टात कुणाकडे कसं काम चालतं ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.