पित्ताशयातली गाठ आणि सुईची तपासणी

प्रश्न : आई 61 वर्षांची आहे. पित्ताशयातली गाठ यकृतात शिरली आहे, आत्ता ऑपरेशन होणार नाही असं सर्जननी सांगितलं. आधी एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करायची म्हणतात. शेजारीपाजारी सांगतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. (भांडुप)

ही भीती माझ्या टेबलावर रोज येते. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण ती विरळ आहेत. एफएनएसीची सुई साधारण 22 गेजची असते, म्हणजे जाडी जेमतेम 0.7 मिलिमीटर. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं टोक दिसत असतं आणि आम्ही शक्यतो यकृतातून वाट काढतो, कारण थेट पित्ताशयात शिरलं तर पित्त पोटात झिरपू शकतं. गाठीजवळच्या यकृतात किंवा लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) आजार दिसत असेल, तर तिथूनच नमुना घेणं बऱ्याचदा सोपं जातं.

आईंना आता बहुधा केमोथेरपी लागेल. पेशींचा पुरावा हातात नसताना केमो सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तपासणी लांबवू नका.

प्रश्न : माझ्या बायकोची गाठ सीटी स्कॅनमध्ये पित्ताशयापुरतीच दिसते. पण डॉक्टर सुई न लावता थेट ऑपरेशन करणार आहेत. कॅन्सर आहे की नाही हे न बघताच कापायचं? (लालबाग)

हो, आणि तुमच्या सर्जनचा निर्णय मला पटतो. गाठ पूर्ण काढता येण्याजोगी असेल, तर सुईचा रिपोर्ट काहीही आला तरी ऑपरेशन टळत नाही. मग पेशी सांडण्याचा तो छोटा धोका तरी का पत्करायचा? संशय दाट असेल तर पित्ताशयासोबत यकृताचा लगतचा भाग आणि आसपासचे लिम्फ नोड्सही काढतात.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवा. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस नावाचा जुनाट दाह स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. शंका असल्यास ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन (काढलेला तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करता येतं का, हे सर्जनना विचारा.

प्रश्न : वडिलांच्या एफएनएसीत ‘फक्त दाह, कॅन्सरच्या पेशी नाहीत’ असं आलं. कावीळ आहे, वजन 9 किलो उतरलंय. आता निश्चिंत व्हायचं ना? (परळ)

नाही. माझं उत्तर कडू वाटेल, पण या सदरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे : सुईत कॅन्सर सापडला तर तो बहुतेक खरा असतो, पण सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही. गाठीचा मधला भाग अनेकदा मेलेला असतो, त्यात वाचण्यासारख्या पेशीच नसतात. कधी गाठीभोवती खड्यांमुळे सूज असते आणि सुई नेमकी त्या सुजेत जाते. आम्ही गाठीच्या कडेचा, डॉप्लर सोनोग्राफीवर रक्तप्रवाह दिसणारा भाग निवडतो, तरीही चूक होते.

काविळीसोबत इतकं वजन उतरलं असेल, तर नमुना पुन्हा घ्यायला हवा, शक्यतो कोअर बायोप्सीने. तिच्यात पेशींऐवजी मांसाचा बारीक तुकडा मिळतो आणि पुढच्या औषधांसाठी लागणाऱ्या एचईआर2सारख्या (पेशींवरच्या एका प्रथिनाच्या) तपासण्याही त्यावर करता येतात. काविळीत रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून आयएनआर ही रक्ततपासणी आधी बघून घ्या.

प्रश्न : 6 मिलिमीटरचा पॉलिप. सुई लावू का? (मुलुंड)

नको. पॉलिप म्हणजे पित्ताशयाच्या आतल्या अस्तरावरचा उंचवटा; इतक्या लहान पॉलिपला सुई लावत नाहीत. ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून वाढतोय का ते बघतात. 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झाला तर सहसा पित्ताशयच काढण्याचा सल्ला देतात.

प्रश्न : विरारहून येणार आहोत. त्याच दिवशी लोकलने परत जाता येईल का? (विरार)

बहुतेकांना त्याच दिवशी सोडतात, पण लगेच नाही. उपाशीपोटी या. जागा बधिर करून सुई लावतात, मग काही तास झोपवून नाडी आणि बीपी बघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका. सोबत कुणीतरी असू द्या आणि गर्दीची गाडी टाळा. घरी गेल्यावर पोटात जोराची कळ, थंडीताप किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि आज पित्ताशयाला सुई लावली आहे, हे पहिल्यांदा सांगा.