वाचकांचे प्रश्न : ल्युदमिला गुर्चेंको यांची पडद्यावरची वाटचाल

गेल्या अंकातील सोव्हिएत चित्रपटांवरील लेखात ल्युदमिला गुर्चेंको या अभिनेत्रीचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण या अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा खरा पेच तेथेच आहे.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत ‘दोघांसाठी स्टेशन’ हा चित्रपट पाहिला. त्यानंतरच्या चर्चेत असे सांगण्यात आले की, गुर्चेंको एकविसाव्या वर्षी देशभर प्रसिद्ध झाल्या आणि वर्तमानपत्रातील एका लेखामुळे पंधरा वर्षे पडद्यावरून नाहीशा झाल्या. एका लेखाने असे होऊ शकते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : हकिकत खरी आहे, पण ती नेहमी जितकी सरळ सांगितली जाते तितकी सरळ नाही.

गुर्चेंको यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३५ रोजी खारकोव येथे झाला. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत सेर्गेई गेरासिमोव आणि तमारा मकारोवा यांच्या वर्गात त्या शिकत असताना एल्दार रियाझानोव या तरुण दिग्दर्शकाने ‘कार्निवलची रात्र’ या संगीतप्रधान विनोदी चित्रपटासाठी त्यांची चाचणी घेतली. ती चाचणी वाईट चित्रित झाली आणि त्यांना नकार मिळाला. पुढे एके दिवशी मोसफिल्म स्टुडिओचे प्रमुख इवान पिर्येव यांना गुर्चेंको स्टुडिओच्या बोळात दिसल्या. पिर्येव यांनी तेथल्या तेथे त्यांना चित्रीकरणाच्या दालनात नेले, नीट प्रकाशयोजना करून पुन्हा चाचणी घ्यायला लावली आणि भूमिका त्यांना मिळाली. एका वजनदार माणसाने हट्ट धरला म्हणून दार उघडले, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

चित्रपट १९५६ च्या डिसेंबरअखेर, म्हणजे नववर्षाच्या तोंडावर प्रदर्शित झाला. एका सांस्कृतिक भवनातील तरुण मंडळी नववर्षाच्या कार्यक्रमात गाणी, नाच आणि थट्टामस्करी ठरवतात आणि नव्याने आलेला अधिकारी त्यांतून आनंद तेवढा काढून टाकू पाहतो, एवढीच त्याची गोष्ट. स्तालिनचा मृत्यू होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. असा अधिकारी लोकांनी आपापल्या कचेरीत पाहिलेला होता आणि आता त्याला भर पडद्यावर हसता येत होते. काळा पोशाख, बारीक कंबर, हातात पांढरा गुबगुबीत मफ (दोन्ही हात आत घालायचे उबदार आवरण) आणि ओठांवर ‘पाच मिनिटे’ हे गाणे, अशी गुर्चेंको यांची छबी घराघरांत पोचली. त्या वर्षीच्या सोव्हिएत चित्रपटांत या चित्रपटाने पहिला क्रमांक मिळवला; सुमारे ४ कोटी ८६ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. आपल्याकडच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, दोन वर्षांपूर्वी तेथे लागलेला राज कपूर यांचा ‘आवारा’ सुमारे ६ कोटी ३७ लाख लोकांनी पाहिला होता.

आता त्या लेखाविषयी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘कोम्सोमोल्स्काया प्रावदा’ या युवकांच्या वृत्तपत्रात ‘टॅप-नृत्य डावीकडे’ अशा आशयाच्या मथळ्याखाली एक बोचरा लेख आला. रशियन बोलीत ‘डावीकडे’ म्हणजे हिशेबाबाहेर, चोरून. प्रसिद्धीनंतर गावोगावच्या क्लबांत कार्यक्रम करून सरकारी दरापेक्षा जास्त पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. विद्यार्थिवेतनावर मॉस्कोत दिवस काढणाऱ्या मुलीसाठी ते पैसे म्हणजे राहण्याखाण्याची सोय होती. पण तेथे वृत्तपत्रातील असा लेख म्हणजे एका पत्रकाराचे मत नव्हे, तर वरून आलेली सूचनाच मानली जाई. स्टुडिओतील माणूस ती सूचना न सांगता समजून घेत असे आणि यादीतून नाव वगळत असे. १९५७ च्या मॉस्कोतील जागतिक युवक महोत्सवात परदेशी पाहुण्यांवर नजर ठेवण्याच्या कामाला आपण नकार दिला आणि त्याचाही राग आपल्यावर निघाला, असे गुर्चेंको यांनी स्वतः पुढे सांगितले आहे.

तरीही ‘पंधरा वर्षे नाहीशा झाल्या’ हे म्हणणे मला पटत नाही. १९५८ मध्ये त्यांच्यासाठीच बेतलेला ‘गिटारवाली मुलगी’ आला. साठच्या दशकात त्या सोव्रेमेन्निक नाट्यगृहात होत्या, छोट्या भूमिका करत होत्या आणि १९६५ च्या ‘कामगार वसाहत’ या चित्रपटात त्यांनी एक गंभीर, कष्टकरी स्त्री अतिशय ताकदीने उभी केली. दुःखाची गोष्ट ही, की तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. प्रेक्षकाला आणि दिग्दर्शकांना अजून ती पांढऱ्या मफवाली मुलगीच हवी होती, आणि तशा संगीतप्रधान चित्रपटांची संख्या मात्र फार थोडी होती. लेखाने दार लावले हे खरे. पण ते इतकी वर्षे लागून राहिले ते या छबीमुळे.

प्रश्न : सोव्हिएत कलावंत सरकारी पगारदार होते असे आम्ही वाचले आहे. मग काम नसताना त्यांचे कसे चालत असे? प्रसिद्ध अभिनेत्रीला चित्रपटाच्या उत्पन्नात वाटा मिळत नसे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाटा मिळत नसे. कलावंतांच्या श्रेणी ठरलेल्या असत, श्रेणीनुसार चित्रीकरणाच्या दिवसाचा दर ठरलेला असे, आणि चित्रपटाला किती कोटी लोक आले याचा त्या दराशी संबंध नसे. मॉस्कोत चित्रपट कलावंतांचे एक नाट्यगृह होते. त्याच्या पटावर नाव असले की चित्रपट नसतानाही महिन्याचा माफक पगार चालू राहत असे. वरची कमाई करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे प्रेक्षकांना भेटण्याचे कार्यक्रम : कारखान्याच्या सभागृहात किंवा छोट्या गावाच्या क्लबात जाऊन चित्रपटांचे तुकडे दाखवायचे, चार गाणी म्हणायची, प्रश्नांना उत्तरे द्यायची. गुर्चेंको यांनी कामाच्या दुष्काळात असे असंख्य कार्यक्रम केले. वर्तमानपत्रातील आरोप याच कमाईवरून झाला होता आणि उपजीविकाही याच कमाईवर होती, हा त्या व्यवस्थेतला क्रूर भाग आहे.

प्रश्न : नाचगाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्रीला नंतर इतक्या गंभीर भूमिका कोणी आणि का दिल्या? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेनफिल्म स्टुडिओचे दिग्दर्शक विक्तोर त्रेगुबोविच यांनी, १९७३ मध्ये. त्यांच्या ‘जुन्या भिंती’ या चित्रपटाची नायिका आन्ना गेओर्गियेव्ना ही एका कापडगिरणीची संचालिका आहे. हाताखाली बहुतेक बायकाच, घरात एकटेपण, बोलण्यात जरब. अशी भूमिका ‘पाच मिनिटे’ गाणाऱ्या बाईंना द्यायची, ही कल्पना स्टुडिओतील मंडळींना रुचली नाही. त्रेगुबोविच मात्र अडून बसले. गुर्चेंको तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या आणि त्यांना आपल्यापेक्षा वयाने मोठी, थकलेली बाई करायची होती.

हा चित्रपट मिळाला तर त्यांची चाल पाहावी. ‘कार्निवलची रात्र’मध्ये त्या टाचा उचलून तरंगत चालतात. येथे खांदे किंचित पुढे आलेले आहेत, पावले जड आहेत, आणि ज्या बाईला दिवसभर कोणीतरी वाटेत थांबवून तक्रार सांगत असते तिची सवय त्या चालण्यात आहे. दक्षिणेकडील आरोग्यधामात विश्रांतीसाठी गेल्यावर एका साध्या ड्रायव्हरशी तिची ओळख होते, तेव्हा तिला काय बोलावे हेच सुचत नाही. हुकूम देण्याची भाषा तेथे कामाची नसते आणि दुसरी भाषा ती विसरलेली असते. हा संकोच गुर्चेंको यांनी एकही शब्द न वाढवता दाखवला आहे. या भूमिकेबद्दल १९७६ मध्ये त्यांना रशियन प्रजासत्ताकाचा राज्य पुरस्कार मिळाला.

त्यानंतर अलेक्सेई गेर्मान यांनी ‘युद्धाविना वीस दिवस’ या १९७६ च्या चित्रपटासाठी त्यांना घेतले. युद्धवार्ताहर लोपातिन आघाडीवरून काही दिवसांसाठी ताश्कंदला येतो आणि तेथे त्याला एक स्त्री भेटते. लोपातिनच्या भूमिकेत सर्कशीतील विदूषक म्हणून लाडके असलेले युरी निकुलिन होते. विदूषक आणि नाचगाण्यातली नटी अशा जोडीवर युद्धाचा चित्रपट उभा राहणे अधिकाऱ्यांना खपण्यासारखे नव्हते. निकुलिन यांच्यावर तर उघड आक्षेप घेतले गेले. ज्यांच्या कथेवर चित्रपट होता ते कोन्स्तान्तिन सिमोनोव दिग्दर्शकाच्या पाठीशी ठाम उभे राहिले, म्हणून तो पुरा झाला. गेर्मान यांनी आगगाडीचे प्रसंग धावत्या गाडीच्या खऱ्या डब्यात, कडाक्याच्या थंडीत चित्रित केले. गुर्चेंको यांचा चेहरा त्यात नटीचा वाटतच नाही. युद्धकाळातील जुन्या छायाचित्रातून कोणी आपल्याकडे पाहावे, तसा तो दिसतो.

पिर्येव, त्रेगुबोविच, गेर्मान, आणि १९८२ मध्ये ‘दोघांसाठी स्टेशन’साठी पुन्हा रियाझानोव. सरकारी यंत्रणेत निर्णय समिती घेते असे आपण म्हणतो, आणि कागदावर ते खरेही असते. पण या अभिनेत्रीच्या आयुष्यातील प्रत्येक वळण समितीपुढे मान न वाकवणाऱ्या एकेका माणसामुळे आले आहे. हे म्हणताना त्यांचे स्वतःचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. काम नसतानाही रोज नाचण्यागाण्याचा सराव त्यांनी सोडला नव्हता, म्हणून हाक आली तेव्हा त्या तयार होत्या. १९७६ मध्येच ‘आई’ या संगीतप्रधान चित्रपटासाठी बर्फावर चित्रीकरण सुरू असताना त्यांच्या पायाचे हाड वाईट रीतीने मोडले आणि पाय वाचेल की नाही अशी भीती होती. त्यानंतरही त्या पुढील अनेक वर्षे रंगमंचावर नाचत राहिल्या.

प्रश्न : त्यांचे बालपण जर्मनांच्या ताब्यातील शहरात गेले असे म्हणतात. त्याचा अभिनयाशी काही संबंध दिसतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये खारकोव जर्मनांच्या ताब्यात गेले आणि मधला थोडा काळ सोडल्यास ऑगस्ट १९४३ पर्यंत ते तसेच राहिले. वडील मार्क गाव्रिलोविच हे बायान हे पेटीसारखे हातवाद्य वाजवत. ते आघाडीवर गेले आणि आई-मुलगी शहरात उरल्या. जर्मन सैनिकांच्या भटारखान्यापुढे डबा घेऊन उभे राहायचे, गाऊन-नाचून दाखवायचे आणि थोडे सूप मिळवायचे, हा त्या सहा-सात वर्षांच्या मुलीचा दिनक्रम होता. ‘माझे प्रौढ बालपण’ या आपल्या पुस्तकात त्यांनी हे काहीही न लपवता लिहिले आहे, आणि ते छापण्याचे धैर्य लहान नव्हते, कारण शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात राहिलेल्या माणसाकडे तेथे दीर्घकाळ संशयाने पाहिले जाई.

संबंध दिसतो का, याचे उत्तर निकिता मिखाल्कोव यांच्या ‘पाच संध्याकाळी’ या चित्रपटात आहे. गुर्चेंको त्यात कारखान्यातील मुकादम तमारा झाल्या आहेत. तरुणपणी प्रेम केलेला माणूस युद्धानंतर कित्येक वर्षांनी अचानक दारात उभा राहतो, आणि पाच संध्याकाळ ही दोघे एकमेकांपासून आपले एकटेपण लपवत राहतात. जवळजवळ सारा चित्रपट करड्या, रंगहीन छटांत आहे. अखेरीस तो माणूस झोपलेला असतो, तमारा त्याच्याजवळ बसून होईल त्या संसाराचे बेत पुटपुटत असते, आणि हळूहळू पडद्यावर रंग उतरू लागतात. सुखाच्या त्या क्षणी ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणते : ‘फक्त युद्ध होऊ नये.’ मूळ नाटकातील हे वाक्य एखादी दुसरी अभिनेत्रीही चांगले म्हणू शकली असती. गुर्चेंको ते स्वतःशी, अगदी हलक्या आवाजात म्हणतात, जणू मोठ्याने म्हटले तर कोणी ऐकेल.

प्रश्न : त्यांचे कोणते चित्रपट आणि कोणत्या क्रमाने पाहावेत? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ‘कार्निवलची रात्र’ आणि लगेच ‘जुन्या भिंती’, मधल्या सतरा वर्षांनी काय केले ते असे पाठोपाठ पाहिल्यावरच उमगते. मग ‘युद्धाविना वीस दिवस’ आणि ‘पाच संध्याकाळी’. विनोदाची आवड असेल तर व्लादिमीर मेन्शोव यांचा ‘प्रेम आणि कबुतरे’ चुकवू नये. त्यातील शहरी, नटवी राइसा झाखारोव्ना त्यांनी मनसोक्त रंगवली आहे. १९८३ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ हा सर्वोच्च किताब मिळाला. सोव्हिएत संघ गेल्यानंतरही त्या काम करत राहिल्या. २००९ मध्ये एका अंध तरुण पियानोवादकाच्या गोष्टीवरील ‘रंगीबेरंगी संधिप्रकाश’ या चित्रपटाचे त्यांनी सहदिग्दर्शन केले, संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली. ३० मार्च २०११ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

‘दोघांसाठी स्टेशन’ शेवटी पाहावा, आणि नागपूरच्या वाचकांनी तो पुन्हा पाहावा. रियाझानोव आणि एमिल ब्रागिन्स्की यांनी त्याची पटकथा गुर्चेंको डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिली होती. स्टेशनच्या उपाहारगृहातील वेटर वेरा ही पहिल्या भेटीत एका प्रवासी पियानोवादकाशी बेचव जेवणाच्या पैशांवरून कचाकचा भांडते, आणि शेवटी, तो शिक्षा भोगत असताना, त्याला भेटायला दूरच्या तुरुंग-छावणीपाशी येते. एका रात्रीची परवानगी संपत आलेली, पहाटेच्या हजेरीला तो पोचलाच पाहिजे, आणि दोघेही उशिरा उठलेली. बर्फातून धावता धावता त्याचे पाय गळतात, छावणी समोर दिसते आहे पण गाठता येणार नाही. तेव्हा वेरा त्याला हातातील अकॉर्डियन वाजवायला लावते, म्हणजे आत मोजदाद करणाऱ्यांना तो जवळपास आहे हे कळेल. तो वाजवू लागतो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बर्फात बसलेल्या त्या बाईकडे तेव्हा नीट पाहावे.