बाबांना दहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. आतड्याच्या आजाराने हृदयाच्या नसाही खराब होतात का?

हो भाऊ, धोका वाढतो, पण थोडाच. मोठ्या पाहण्या एकत्र केल्या की हार्ट अटॅकचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त दिसतं, आणि तेही मुख्यतः रक्ती शौच, जुलाब असा आजार उसळलेला असतो त्या काळात. कारण आतड्याची सूज आतड्यापुरती राहत नाही. सुजलेल्या अस्तरातून जंतूंचे अंश रक्तात उतरतात, टीएनएफ, इंटरल्युकिन-6 सारखी सूज वाढवणारी रसायनं अंगभर फिरतात, धमनीचं आतलं अस्तर खरबरीत होतं आणि रक्त गोठायची ओढ वाढते. सूज स्वतःही दोषी असते हे 2017 च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत हृदयरोग्यांमध्ये दिसलं: कोलेस्टेरॉल न उतरवता फक्त सूज कमी केली, तरी हार्ट अटॅक घटले. म्हणून बाबांचं कोलेस्टेरॉल कमी आलं तर खुश होऊ नका. आजार जोरात असताना ते आपोआप खाली जातं.

करायचं काय?
- बरं वाटलं म्हणून मेसालामाइन (आतड्याची सूज दाबणारं औषध) स्वतःहून बंद करू नये. आपल्याकडे हेच जास्त होतं.
- निंदण-वखरणानंतर कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणू नये. ती गोळी आतडं उसळवते आणि हृदयालाही वाईट.
- बीपी-शुगर गावच्या आरोग्य केंद्रात तपासत राहा.
- खर्रा सोडवा. नसांना त्याचा धोका या आजाराइतकाच खरा आहे.

हे सगळं अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) यांच्यापुरतं. नुसता गॅस, अॅसिडिटी किंवा आयबीएस (सूज नसताना पोट बिघडत राहणं) असेल तर हा हिशेब लागू नाही.